रोपांसाठी घरगुती दिवा: ६६०, ४५० की साधा पांढरा?

रोपांसाठी एलईडी शोधायला बसलं की तरंगलांबीचे, म्हणजे उजेडाचा रंग सांगणारे नॅनोमीटरमधले आकडे अंगावर येतात: ६६०, ६३०, ४५०, ७३०, ३९५, आणि वर "फुल स्पेक्ट्रम ३८० ते ८४०". कुणी सांगतं चार लाल आणि एक निळा लावा, कुणी म्हणतं जांभळा उजेड नसेल तर रोप वाढतच नाही. आधी उत्तर सांगून टाकू, कारणं मागाहून. घरच्या दिव्याचा पाया साधा पांढरा एलईडी असावा. परवडलं तर त्यात ६६० नॅनोमीटरचा गडद लाल थोडा मिसळावा. निळा वेगळा घ्यायची गरज जवळपास कधीच पडत नाही, ७३० च्या अतिलालची गरज फार थोड्यांना पडते आणि ३९५ च्या जांभळ्या बीडवर (बीड म्हणजे एलईडीचा सुटा मणी) खर्च करू नये. मुळात तरंगलांबी हा दुसरा प्रश्न आहे. पानावर एकूण किती उजेड पडतो हा पहिला, आणि घरगुती दिवे बहुतेक वेळा तिथेच नापास होतात.

खानदेशात दिवा कशाला?

मे महिन्यात जिथे भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास जातो, तिथे रोपांना विजेचा उजेड द्यायचा हे ऐकायला उलटंच वाटतं. पण अडचण त्या उन्हातूनच येते. त्या दिवसांत मिरचीचं किंवा भरताच्या वांग्याचं कोवळं रोप उघड्यावर टिकत नाही, म्हणून ट्रे घरात येतो. आणि घरातल्या गार जागा नेमक्या अंधाऱ्या असतात. धाब्याच्या घरातली खोली बाहेरपेक्षा कितीतरी थंड, पण भिंती जाड आणि खिडकी एवढीशी. माणसाला तिथे सगळं नीट दिसतं, कारण डोळा कमी उजेडाशी जुळवून घेतो. पानाला ते जमत नाही. अशा खोलीच्या मधोमध मोजलं तर १००-२०० लक्स (डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाचं माप) भरतात. बाहेर दुपारच्या उन्हात तो आकडा एक लाखाच्या घरात असतो. मग रोप उजेडाच्या शोधात उंच ओढलं जातं, काटकुळं होतं आणि झारीने पाणी घातलं की आडवं पडतं.

दिवा कुणासाठी नाही, हेही लगेच सांगायला हवं. मिरची ४ फूट बाय दीड फुटावर लावली तर एकरी ७,२६० रोपं लागतात. नंदुरबारकडच्या मिरची उत्पादकाने एवढी रोपं दिव्याखाली करण्यात अर्थ नाही. ते काम शेडनेटचं. दिव्याखाली फळापर्यंत झाड नेण्याचाही नाद नको. त्याला रोपांपेक्षा दुपटीहून जास्त उजेड लागतो आणि बाहेर तो फुकट पडलेला आहे. दिवा उपयोगी आहे तो परसबागेसाठी, गच्ची नसलेल्या फ्लॅटसाठी, चार-दोन ट्रे रोपांसाठी, महागड्या बियाण्यासाठी आणि मायक्रोग्रीन्ससाठी, म्हणजे कोवळेपणीच कापून खायच्या पाल्यासाठी.

पानाचा हिशेब कणांचा

प्रकाश कणाकणांनी येतो. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले कण पानाला अन्न तयार करायला उपयोगी पडतात. ते मोजायचं एकक मायक्रोमोल: एका चौरस मीटरवर सेकंदाला किती मायक्रोमोल कण पडले. पुढे नुसतं "मायक्रोमोल" म्हटलं की हा अर्थ धरावा. दिवसभराची बेरीज मोलमध्ये करतात. पावसाचं जसं असतं, सर किती जोराची हा एक आकडा आणि दिवसभरात किती मिलिमीटर पडला हा दुसरा, तसंच हे; पीक दुसऱ्या आकड्यावर जगतं. हिशेब सोपा आहे: मायक्रोमोल गुणिले दिवा चालू असलेले तास गुणिले ०.००३६. म्हणजे २०० मायक्रोमोल १६ तास दिले तर दिवसाला साधारण ११.५ मोल.

कुणाला किती लागतो? मायक्रोग्रीन्सना १०० ते १५० मायक्रोमोल पुरतात. मिरची, वांगं, टोमॅटोच्या रोपांना १५० ते २५०, बेरजेत दिवसाला ८ ते १२ मोल. केळीची टिश्यू कल्चरची (लॅबमध्ये झाडाच्या तुकड्यापासून वाढवलेली) रोपं बाटलीत असतात तेव्हा ३० ते ६० वर भागतं, पण तिथे बाटलीतल्या माध्यमात साखर घातलेली असते. उजेडावर त्यांचं पूर्ण पोट नसतं. लॅबमधला तो आकडा पाहून मिरचीच्या ट्रेवर तेवढाच मंद दिवा लावला तर रोपं उपाशी राहतात.

आता तरंगलांबीचा संबंध. लाल कणात ऊर्जा कमी असते, निळ्यात जास्त. एक ज्यूल ऊर्जेत ६६० चे साडेपाच मायक्रोमोल कण बसतात, ४५० चे पावणेचारच. अन्न तयार करताना पान निळ्या कणाची जादा ऊर्जा वापरत नाही, ती उष्णतेत जाते. म्हणून तेवढ्याच विजेत जास्त कण हवे असतील तर लाल वाढवायचा. लालचं महत्त्व मुख्यतः एवढंच आहे: वीज वाचते.

निळा, हिरवा, लाल, आणि लालच्या पलीकडचा

गुलाबी-जांभळ्या दिव्यांचं मूळ एका आलेखात आहे. हरितद्रव्य 'अ' ४३० आणि ६६२ च्या आसपास, आणि हरितद्रव्य 'ब' ४५३ आणि ६४२ च्या आसपास सगळ्यात जास्त प्रकाश शोषतं. ते खरंच आहे, पण हे आकडे पानातून काढून द्रावणात विरघळवलेल्या हरितद्रव्याचे आहेत. जिवंत पानात प्रकाश पेशींमध्ये आपटत फिरतो, इतर रंगद्रव्यंही तो पकडून हरितद्रव्याला देतात. कीथ मॅक्री यांनी १९७२ मध्ये २२ पिकांच्या पानांवर मोजमाप प्रसिद्ध केलं, त्यात हिरव्या प्रकाशावरही पान बऱ्यापैकी काम करताना दिसतं. पान हिरवं दिसतं म्हणजे ते सगळा हिरवा परत फेकतं, असं नाही. त्यातला बराचसा ते शोषतं, आणि तो पानात खोलवर व खालच्या पानांपर्यंत पोचतो. पांढऱ्या दिव्यातला हिरवा "वाया जातो" या सांगण्याला म्हणूनच दम नाही.

निळा (४०० ते ५००) रोपाचा बांधा ठरवतो. निळ्याला प्रतिसाद देणारी रंगद्रव्यं खोडाची लांबी आवरतात, पर्णरंध्रं उघडतात, शेंडा उजेडाकडे वळवतात. निव्वळ लाल उजेडात वाढवलेलं रोप लांबट होतं आणि पानं वेडीवाकडी वळतात. एकूण कणांपैकी १० ते २० टक्के निळे असले की रोप आटोपशीर राहतं. त्याहून फार वाढवला तर रोप बुटकं होतं, पानं लहान राहतात आणि वाढ मंदावते.

आणि हा निळा पांढऱ्या एलईडीत आधीच असतो. पांढरा एलईडी म्हणजे साधारण ४५० नॅनोमीटरची निळी चिप आणि तिच्यावर पिवळसर फॉस्फरचा, म्हणजे उजेडाचा रंग बदलणाऱ्या पदार्थाचा लेप. काही निळा तसाच बाहेर पडतो, बाकीचा हिरवा-पिवळा-लाल होऊन येतो. खोक्यावरच्या केल्व्हिनवरून (पांढरा किती पिवळसर की निळसर ते सांगणारा आकडा) निळ्याचा अंदाज लागतो. ३००० केल्व्हिनच्या पिवळसर दिव्यात साधारण १० टक्के, ४००० मध्ये १५ ते १८, आणि आपल्याकडे दुकानात सर्रास मिळणाऱ्या ६५०० च्या पांढऱ्याशुभ्र बॅटनमध्ये (ट्यूबलाइटसारख्या पट्टीत) २५ टक्क्यांच्या पुढे. रोपांसाठी ४००० उत्तम. तो मिळाला नाही तर ६५०० घ्यावा आणि लाल जोडावा, किंवा तीन पट्ट्या ६५०० च्या आणि दोन ३००० च्या लावाव्यात. ६५०० वर वेगळे निळे बीड लावणं म्हणजे आधीच जास्त असलेल्यात भर.

लालमध्ये दोन बीड विकायला असतात, ६२०-६३० आणि ६६०. अन्न तयार करायला दोन्ही चालतात, फरक कार्यक्षमतेचा. वाढीच्या दिव्यांसाठी बनवलेले चांगले ६६० चे बीड एका ज्यूल विजेत ६३० पेक्षा जास्त कण देतात. गोची अशी की डोळ्याला ६६० मंद दिसतो. डोळ्याची संवेदना ५५५ ला सगळ्यात जास्त असते. ६३० ला ती त्याच्या पावपट उरते आणि ६६० ला सहा टक्के. म्हणून ६६० म्हणून दिलेला बीड ६३० च्या शेजारी सारख्याच करंटवर लावून पाहावा: खरा ६६० गडद आणि बराच मंद दिसला पाहिजे. दोन्ही सारखेच झगझगीत असतील तर ६६० च्या नावाखाली ६३० मिळालेला आहे. मंद दिसतो म्हणून टक लावून बघू नये. उजेड तेवढाच तीव्र असतो, डोळ्याला कळत नाही इतकंच.

७३० चा अतिलाल वेगळं प्रकरण आहे. रोपात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं. ६६० ने ते एका रूपात जातं, ७३० ने परत फिरतं. दाट झाडीखाली पानांनी लाल शोषलेला आणि अतिलाल खाली सोडलेला असतो, म्हणून अतिलाल वाढला की रोप समजतं आपण सावलीत आहोत, आणि उंच धावतं. रोपवाटिकेत आपल्याला नेमकं तेच नको असतं. काही पालेभाज्यांत पानं पसरट व्हावीत म्हणून थोडा अतिलाल देतात, पण ते एकूण उजेड भरपूर असलेल्या ठिकाणी. चार ट्रेच्या मांडणीत ७३० चा एकही बीड नसावा.

"फुल स्पेक्ट्रम ३८०-८४०" लिहिलेला गुलाबी बीड म्हणजे निळी चिप आणि लाल फॉस्फर. ३८० आणि ८४० ला त्यात जवळपास काही नसतं, आणि त्याच विजेत चांगल्या पांढऱ्यापेक्षा कण कमी मिळतात. ३९५ चे बीड नोटा तपासायच्या दिव्यात शोभतात.

पांढऱ्याच्या बाजूने आणखी एक मुद्दा, आमच्या मते सगळ्यात वजनदार: त्याच्याखाली रोप दिसतं. जांभळ्या उजेडात पानं काळपट दिसतात. चुरडा-मुरडा (पानं आकसण्याचा रोग) सुरू झालेला, खालचं पान पिवळं पडलेलं, फुलकिड्याने खरवडलेलं काही कळत नाही. कळतं तेव्हा सगळा ट्रे गेलेला असतो.

२ बाय ४ फुटांचा कप्पा

लोखंडी रॅकचा ६० बाय १२० सेंटिमीटरचा एक कप्पा धरू, म्हणजे ०.७२ चौरस मीटर. ९८ कप्प्यांचे चार प्रो-ट्रे (रोपं करायचे खणांचे प्लास्टिक ट्रे) आडवे बसतात, एकूण ३९२ रोपं.

४ फुटी, २० वॅटची, २००० लुमेन (दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप) लिहिलेली एलईडी बॅटन घ्या. पांढऱ्या एलईडीत साधारण ७० लुमेनला एक मायक्रोमोल, म्हणजे एका बॅटनमधून सेकंदाला २८ ते २९ मायक्रोमोल निघतात. पाच बॅटनचे १४३. बाजूंनी पांढरा आडोसा केला तर त्यातले पाऊण रोपांवर पडतात असं धरा, ०.७२ ने भागलं की जवळपास १५० मायक्रोमोल. १६ तासांत साडेआठ मोल. रोपांना पुरेसं. २०० हवे असतील तर सात बॅटन. पाच बॅटनला दिवसाला १.६ युनिट, महिन्याला ४८. सातला महिन्याला ६७ च्या आसपास. बॅटन घेताना वॅट बघू नये, लुमेन बघावेत: १८०० लुमेनची आणि २२०० लुमेनची अशा दोन्ही "२० वॅट" म्हणून विकल्या जातात, आणि वीज सारखीच खातात.

बॅटन सारख्या अंतरावर लावू नयेत. कडेच्या दोन कप्प्याच्या काठाजवळ आणाव्यात, मधल्या तीन सैल ठेवाव्यात, कारण काठावर एकाच बाजूने उजेड येतो. शेंड्यापासून उंची २० ते २५ सेंटिमीटर. रोप वाढेल तशी साखळीने वर घ्यायची. आडोशाला चकचकीत फॉइलपेक्षा जुन्या फ्लेक्सची पांढरी मागची बाजू किंवा थर्माकोल बरा, उजेड सगळीकडे सारखा पसरतो. समोरची बाजू खाली-वर दोन बोटं मोकळी ठेवावी, हवा खेळली पाहिजे.

मोजायला साधा लक्समीटर चालतो. मोबाइलचं ॲप अंदाजापुरतं. सेन्सर शेंड्याच्या उंचीवर, तोंड वर करून ठेवायचा. पांढऱ्या एलईडीखाली लक्सला ७० ने भागा: १०,५०० लक्स म्हणजे १५० मायक्रोमोल. मधोमध आणि चारही कोपऱ्यांत मोजा. कोपरा मध्याच्या ७० टक्क्यांच्या खाली असेल तर बॅटन आणखी बाहेर सरकवा. हा भागाकार फक्त पांढऱ्याचा आहे. ६६० चे १०० मायक्रोमोल पडले तरी मीटर जेमतेम ७५० लक्स दाखवतो, कारण मीटर माणसाच्या डोळ्यासारखा बनवलेला असतो. म्हणून आधी नुसता पांढरा लावून मोजावं, लाल नंतर जोडावा.

लाल जोडायचा तर

साहित्य थोडं आहे: स्टारच्या आकाराच्या ॲल्युमिनियम पीसीबीवर (सर्किटच्या पट्टीवर) बसवलेले ६६० चे १४ बीड, ३०० मिलिॲम्पियरचा एक स्थिर करंटचा ड्रायव्हर (मेनची वीज बीडना चालेल अशी करून देणारा डबा), १ बाय १ इंच ॲल्युमिनियम यू-चॅनेल ४ फूट, थर्मल पेस्ट, छोटे स्क्रू, वायर.

चौदाच का, याचं कारण ड्रायव्हरवरच्या लेबलात आहे. "८-१२ × १ वॅट" असं लिहिलेलं असतं, ते पांढऱ्या किंवा निळ्या बीडसाठी. पांढरा बीड ३ ते ३.४ व्होल्ट घेतो, म्हणजे हा ड्रायव्हर साधारण २४ ते ४० व्होल्टच्या पट्ट्यात चालतो. ६६० चा बीड मात्र २.१ व्होल्टच्या आसपासच घेतो. लेबल वाचून दहा लाल लावले तर बेरीज २१ व्होल्ट, पट्ट्याच्या खाली. ड्रायव्हर लुकलुकतो किंवा चालू-बंद होत राहतो, आणि लोक बीड खराब समजून बदलत बसतात. चौदा बीड सिरीजमध्ये लावले की २९-३० व्होल्ट होतात, पट्ट्याच्या मधोमध. एकूण वीज ९ वॅटच्या आत. बीडवर "३ वॅट" लिहिलेलं असतं ती सोसण्याची कमाल. या करंटवर प्रत्येक जण पाऊण वॅटही घेत नाही आणि म्हणूनच टिकतो. पांढरे आणि लाल एकाच माळेत घालायला हरकत नाही, करंट सगळ्यांना तोच जातो. फक्त व्होल्टची बेरीज पट्ट्यात बसली पाहिजे. दोन माळा एकाच ड्रायव्हरवर समांतर जोडणं मात्र टाळावं. एका माळेचा बीड तापला की तीच जास्त करंट ओढते आणि आधी मरते.

बीड ८ सेंटिमीटर अंतराने चॅनेलवर बसवा. पेस्टचा थर पातळ, कागदाएवढा. जाड थर उष्णता अडवतो. सुटे बीड थेट ॲल्युमिनियमवर चिकटवू नयेत. पुष्कळ लाल बीडचं बूड आतून एका टोकाला जोडलेलं असतं, मग चॅनेलमधून शॉर्ट होतं. सोल्डरिंग झाल्यावर मल्टिमीटरने प्रत्येक टोक आणि चॅनेल यांच्यात सातत्य तपासा. एकही "बीप" येता कामा नये. मग सगळी माळ ड्रायव्हरला जोडा, आणि शेवटी मेन चालू करा. उलटं केलं, म्हणजे चालू ड्रायव्हरला माळ टेकवली, तर मोकळ्या ड्रायव्हरमध्ये साठलेला वरचा व्होल्टेज एकदम सुटतो आणि बीड उडतात.

एवढ्याने कप्प्यावर सुमारे २० मायक्रोमोल वाढतात, म्हणजे १५० चे १७०. फार वाटत नाही, पण तेवढ्यासाठी आणखी एक बॅटन लावली असती तर ९ ऐवजी २० वॅट लागले असते, मिळाले असते ३०. वीज थोडी वाचते आणि ६५०० च्या बॅटनमधलं निळ्याचं प्रमाणही खाली येतं. सोल्डरिंगची सवय नसेल तर हे सगळं सोडून द्यावं. पाच-सहा बॅटनवर रोपं छान होतात.

उष्णता आणि वीज

एलईडी "गार" असतो हा गैरसमज आहे. १०० वॅटचा दिवा खोलीत शेवटी १०० वॅट उष्णताच सोडतो, काही थेट, काही उजेड शोषला गेल्यावर. हिवाळ्यात धुळ्याच्या थंडीत ती उपयोगी पडते: मिरचीचं बी २५ ते ३० अंशांना चांगलं उगवतं, आणि डिसेंबरात ते अडतं ते थंडीने, उजेडाअभावी नव्हे. उन्हाळ्यात तीच उष्णता गळ्याशी येते. म्हणून मे महिन्यात दिवा दिवसा चालवूच नये. टायमरवर संध्याकाळी ६ ते सकाळी १० असा १६ तासांचा "दिवस" करावा आणि दुपार अंधाराची ठेवावी. रोपाला घड्याळ कळत नाही, सलगता कळते. शेंड्याजवळ ३२ अंशांच्या वर पारा राहिला तर १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा आडवा लावावा. वाऱ्याने खोडही टणक होतं. कूलरची हवा थेट रॅकवर नको. ओल वाढते, ट्रेमधलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सुकत नाही आणि रोपं कोलमडायला लागतात.

बीडसाठी परीक्षा साधी आहे: तासभर चालवून मेन बंद करा आणि लगेच चॅनेलला बीडच्या मागे हात लावा. पाच सेकंद हात ठेवता आला तर ठीक. खोलीच ४० अंशांची असेल तर चॅनेलला गार व्हायला वाव उरत नाही, म्हणून पुण्या-नाशिकच्या हवेत पुरणारा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग, इथे चॅनेल) इथे दुप्पट घ्यावा. वरच्या यू-चॅनेलला प्रत्येक वॅटमागे सुमारे २०० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग मिळतो, ते भरपूर आहे. लाल बीडचा उजेड तापल्यावर पांढऱ्यापेक्षा जास्त घटतो, तेव्हा ही कंजूषी महागात पडते.

पाणी आणि वीज एकाच रॅकवर आहेत, तिथे तडजोड नको. ड्रायव्हर "आयसोलेटेड" मागावा. स्वस्त उघड्या ड्रायव्हरमध्ये आउटपुट थेट मेनशी जोडलेलं असू शकतं. ३० व्होल्ट म्हणून हात लावला आणि २३० चा झटका बसला, असं होतं. लोखंडी रॅक आणि ॲल्युमिनियम चॅनेल दोन्हींना अर्थिंग, आणि बोर्डावर ३० मिलिॲम्पियरची आरसीसीबी (वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच). ड्रायव्हर आणि टायमर ट्रेच्या वरच्या बाजूला, कधीच खाली नाही. गावात संध्याकाळी व्होल्टेज बसतो, म्हणून बॅटनवर इनपुटचा पट्टा खाली १०० ते १४० पर्यंत जाणारा बघून घ्यावा. लाइट परत येताना जो धक्का बसतो त्याने ड्रायव्हर मरतात, बीड नव्हे; स्पाइक गार्ड लावलेला बरा. टायमर बॅटरी बॅकअपचा घ्यावा, नाहीतर लाइट जाऊन आली की त्याचा दिवस सरकतो.

१६ तासांच्या पुढे जाऊ नये. टोमॅटो आणि वांगं यांना चोवीस तास उजेड दिला तर पानं पिवळी पडून डाग येतात. कोथिंबीर आणि पालक उलट बाजूचे: लांब दिवस मिळाला की लवकर फुलोऱ्यावर जातात, त्यांना १० ते १२ तासच द्यावेत.

काय बिघडलं ते कसं ओळखायचं

रोप लांबट झालं तर आधी लक्स मोजावेत. बहुतेक वेळा उजेड कमी किंवा दिवा उशिरा लावलेला. बी अंधारात उगवतं, पण वाकडी मान जमिनीबाहेर दिसली त्याच दिवशी दिवा लागला पाहिजे. दोन दिवसांच्या अंधारात ओढलेलं खोड नंतर आखडत नाही. लक्स ठीक आणि तरी लांबट असेल तर रात्रीचं तापमान किंवा दाटी बघावी. वरची पानं कडेने वर वळली आणि फिकी झाली तर दिवा फार जवळ आहे. खालची पानं सारखी पिवळी पडत असतील तर दोष दिव्याचा नाही: कोकोपीटमध्ये स्वतःचं अन्न जवळपास नसतं, खरं पान फुटल्यावर पातळ विद्राव्य खत सुरू करायला हवं. सगळी लाल माळ एकदम विझली तर एकच बीड तुटलेला असतो. मेन काढून मल्टिमीटरच्या डायोड मोडवर एकेक बीड टेकवा, चांगला मंद पेटतो.

रोपं बाहेर काढताना सगळ्यात जास्त नुकसान होतं. दिव्याखालचे १५०-२०० मायक्रोमोल आणि दुपारच्या उन्हातले जवळपास २००० यांत दहापटीचं अंतर आहे. थेट बाहेर ठेवलेलं पान एका दुपारीत पांढरं पडून करपतं. आठ ते दहा दिवस द्यावेत. पहिले तीन दिवस ५० टक्के शेडनेटखाली सकाळी दोन तास, मग आत. पुढचे तीन दिवस नेटखालीच दिवसभर, पण गरम वारा येणाऱ्या बाजूला आडोसा करून. शेवटी सकाळचं उघडं ऊन दहापर्यंत. या दिवसांत पाणी थोडं ताणावं, पण ट्रे पूर्ण सुकू देऊ नये. छोट्या कप्प्यातलं कोकोपीट झळांमध्ये दोन-तीन तासांत कोरडं होतं, आणि एकदा ठणठणीत सुकलं की वरून घातलेलं पाणी कडेने निघून जातं. असा ट्रे वीस मिनिटं पाण्याच्या घमेल्यात ठेवून खालून भिजवावा.